कमांडर मॅकडोनल्ड यांचा रिमोट

घरात भारी किमतीचा नवा अ‍ॅम्प्लिफायर आला की सोयरेधायरे तो बघायला येतात. जाड अ‍ॅल्युमिनियमचा दर्शनी भाग, एकट्याने उचलायला जड अशी पेटी, हळुवार वळणारे आवाजाचे बटण, सारे बघून होते. मग यजमान खोक्याच्या तळातून प्लास्टिकची एक पिशवी काढतात. तिच्यात रिमोट कंट्रोल असतो. हलका, पोकळ, दाबला तर करकरणारा. त्याच्यावर एकाच मापाची तीस-चाळीस बटणे, अक्षरे मुंगीएवढी, आणि ज्या बटणाकडे दिवसातून वीस वेळा बोट जायचे ते आवाजाचे बटण त्या गर्दीत कुठेतरी कोपऱ्यात. यंत्र करणाऱ्यांनी महिनोन्‌महिने कान देऊन आवाज घडवला आणि हातात द्यायची वस्तू मात्र घाऊक भावात बाहेरून आणली, हे लहान मुलालाही कळते. सगळेच कारखाने असे वागत नाहीत. काही जण धातूच्या ठोकळ्यातून कोरलेला, मोजक्या बटणांचा रिमोट देतात. पण असे थोडे.

या विषयाचा विचार करताना मला एका अमेरिकन गृहस्थांचे चरित्र आठवते. त्यांचे नाव युजीन एफ. मॅकडोनल्ड. झेनिथ या रेडिओ कंपनीचे ते सर्वेसर्वा होते, आणि अमेरिकेत त्यांना सगळे कमांडर म्हणूनच ओळखत. रिमोट त्यांनी स्वतः शोधून काढला नाही. ते इंजिनिअर नव्हते, त्यांचे शालेय शिक्षणही अर्धवट राहिलेले. परंतु रिमोट चांगला असलाच पाहिजे, हा हट्ट त्यांचा.

मॅकडोनल्ड यांचा जन्म ११ मार्च १८८६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूस शहरी झाला. शाळा सोडून ते मोटारीच्या कारखान्यात लागले. पुढे शिकागोला जाऊन त्यांनी हप्त्यांवर मोटारी विकण्याचा धंदा काढला. मोटार ही त्या काळी रोख पैसे मोजणाऱ्या श्रीमंतांची चीज होती. सामान्य माणसाला उधारीवर मोटार देणे हे धाडसच होते. या धंद्यात त्यांनी चांगला पैसा मिळवला. पहिल्या महायुद्धात ते नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होते आणि लेफ्टनंट कमांडर या हुद्द्यापर्यंत चढले. युद्ध संपले, गणवेश उतरला, पण कमांडर ही उपाधी जन्मभर चिकटून राहिली.

१९२१ साली त्यांची गाठ कार्ल हॅसल आणि राल्फ मॅथ्यूज या दोन हौशी तरुणांशी पडली. या दोघांनी १९१८ मध्ये शिकागोत घरच्या टेबलावर रेडिओची यंत्रे जुळवायला सुरुवात केली होती. त्यांच्या हौशी केंद्राची खूण होती ९झेडएन, आणि तिच्या उच्चारावरूनच झेनिथ हे नाव पडले. त्यांच्याकडे विद्या होती, मॅकडोनल्ड यांच्याकडे भांडवल आणि विक्रीची कला. १९२३ मध्ये झेनिथ रेडिओ कॉर्पोरेशनची रीतसर स्थापना झाली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या नभोवाणी केंद्रांची राष्ट्रीय संघटना निघाली, तिचे पहिले अध्यक्षही तेच झाले.

कमांडरांचा स्वभाव घरात बसण्याचा नव्हता. १९२५ साली डोनाल्ड मॅकमिलन यांच्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत ते पिअरी या जहाजाचे प्रमुख म्हणून गेले. बरोबर झेनिथची लघुलहरींची, म्हणजे शॉर्टवेव्हची यंत्रे होती. मोठमोठ्या तज्ज्ञांचा तेव्हा लांब लहरींवरच भरवसा होता; लघुलहरी ही हौशी पोरांची करमणूक समजली जाई. ग्रीनलंडच्या बर्फातून कमांडरांनी तेथल्या एस्किमो लोकांचे गाणे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्यावर असलेल्या अमेरिकन आरमारापर्यंत पोचवले. आपल्या बेटावरच्या वडीलधाऱ्यांना शॉर्टवेव्हची थोरवी मी काय सांगावी! रात्री खरखरीतून भारतातली बातमी किंवा गाणे पकडण्यासाठी ज्यांनी सुईच्या टोकाएवढा काटा सरकवला आहे, त्यांना ती ठाऊकच आहे.

मोहिमेवरून परतल्यावर त्यांचे सरकारशी वाजले. शिकागोतल्या त्यांच्या केंद्राला आठवड्यातून अगदी थोडा वेळ दिला होता. चिडून त्यांनी कॅनडासाठी राखलेल्या लहरीवर उडी मारली. सरकारने खटला भरला, आणि १९२६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की लहरी वाटण्याचा असा अधिकार त्या वेळच्या कायद्याने मंत्र्यांना दिलेलाच नाही. त्यानंतर वाटेल त्याने वाटेल त्या लहरीवर ओरडायला सुरुवात केली. त्या गोंधळातून १९२७ चा रेडिओ कायदा जन्माला आला. माझ्या मते या प्रकरणात कमांडरांची बाजू फारशी शोभत नाही. पण आपल्या मनाविरुद्ध काही ऐकून घ्यायचे नाही, हा स्वभाव यात दिसतो, आणि पुढे रिमोटच्या कथेत हाच स्वभाव उपयोगी पडला.

मंदीच्या काळातही त्यांनी माल हलका केला नाही. १९३५ च्या सुमारास झेनिथने स्ट्रॅटोस्फिअर नावाचा रेडिओ काढला. त्यात २५ नळ्या होत्या, किंमत ७५० डॉलर. त्या पैशांत नवी फोर्ड मोटार येऊन वर डॉलर उरत. तो घेणारे मूठभरच. पण त्याच सुमारास झेनिथच्या साध्या रेडिओंनाही मोठी काळी तबकडी लावली जाऊ लागली. तिच्यावरचे आकडे ठळक, दूरवरून वाचता येणारे. म्हणजे घेणारा श्रीमंत असो वा गरीब, ज्या भागाला माणसाचा हात लागतो आणि डोळा जातो त्या भागात कसर करायची नाही.

याचा आणखी एक नमुना सांगतो. १९३२ साली वैमानिक लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे अपहरण झाले, आणि सारी अमेरिका हादरली. कमांडरांना त्यानंतर मुलगी झाली होती, आणि कुटुंब बराच काळ मिझपा नावाच्या त्यांच्या नौकेवर राहत असे. पाळण्याजवळचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू यावा म्हणून त्यांनी आपल्या लोकांकडून एक यंत्र करवून घेतले. तेच १९३७-३८ मध्ये रेडिओ नर्स या नावाने बाजारात आले. पाळण्याशी ठेवलेला ध्वनिग्राहक बाळाचा आवाज घरातल्या विजेच्या तारांतूनच पाठवी आणि दुसऱ्या खोलीतली पेटी तो ऐकवी. या लहानशा पेटीचा आकार ठरवायला त्यांनी कोणाला बोलावले असेल? इसामू नोगुची या नामांकित शिल्पकाराला. बेकेलाइटची ती पेटी एखाद्या परिचारिकेच्या मस्तकासारखी दिसते. लहान वस्तूलाही शिल्पकार बोलावणारा मालक आजच्या काळात मिळणे कठीण!

याच वर्षांत फिल्को या प्रतिस्पर्धी कंपनीने १९३९ च्या मालात एक चमत्कार आणला. त्याचे नाव मिस्टरी कंट्रोल. दिवाणखान्यातल्या भल्या मोठ्या रेडिओसोबत लाकडाची एक चौकोनी पेटी मिळे. तिच्यावर टेलिफोनसारखी फिरवायची तबकडी, आत बॅटरी, आणि तार मुळीच नाही. तबकडी फिरवली की पेटीतून रेडिओलहरींचे ठोके निघत. रेडिओ ते मोजून केंद्र बदले किंवा आवाज कमी-जास्त करी. संगीताच्या भारी यंत्राबरोबर बिनतारी रिमोट देण्याचा हा फार जुना दाखला आहे. कल्पना उत्तम होती. परंतु पेटी टेबलावर ठेवायची, हातात मावायची नाही, आणि आतली बॅटरी संपली की चमत्कारही संपला. ही बॅटरीची अडचण ध्यानात ठेवावी, पुढे ती पुन्हा येईल.

जानेवारी १९४२ मध्ये झेनिथचा ट्रान्स-ओशनिक हा फिरता रेडिओ निघाला. शहरापासून दूर, पाण्यावर किंवा रानात, नेहमीचा रेडिओ मुका होतो हे कमांडरांनी नौकेवर अनुभवले होते. म्हणून लघुलहरी पकडणारा, सुटकेसएवढा रेडिओ त्यांना हवा होता. नमुने ते स्वतः बरोबर नेऊन तपासत आणि नापसंत झाले की परत पाठवत. त्याची आकाशतार काढून आगगाडीच्या किंवा विमानाच्या खिडकीच्या काचेला चिकटवता येत असे. तीनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, युद्धामुळे घरगुती रेडिओंचे उत्पादन थांबले, आणि मिझपा नौकाही त्याच वर्षी नौदलाकडे गेली.

युद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये, त्यांनी कानाची यंत्रे काढली. अपघातानंतर त्यांना स्वतःला एका कानाने नीट ऐकू येत नसे. बाजारात अशी यंत्रे शंभराहून अधिक डॉलरला विकली जात. झेनिथने आपले यंत्र ४० डॉलरला दिले. जुन्या विक्रेत्यांनी आरडाओरडा केला, पण हजारो बहिऱ्या माणसांच्या कानी पुन्हा घरचे बोलणे पडले.

ऐकू येण्याचे मोल ज्याला असे कळले, त्याला नको ते ऐकण्याचा तिटकाराही तितकाच असावा. कमांडरांना रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती असह्य होत. दूरचित्रवाणीचा खर्च जाहिरातींवर निघणार नाही आणि लोकही त्या फार दिवस सोसणार नाहीत, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणून १९५१ च्या आरंभी त्यांनी शिकागोतल्या ३०० कुटुंबांवर ९० दिवसांचा प्रयोग केला. चित्रपट विस्कटलेल्या स्वरूपात प्रक्षेपित व्हायचा. एक डॉलर देणाऱ्याच्या घरी टेलिफोनच्या तारेने किल्ली पोचायची आणि चित्र सरळ व्हायचे. याचे नाव फोनव्हिजन. सरकारी परवानगीचे घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडले. जाहिराती थांबत नाहीत, तर निदान माणसाला खुर्चीतून त्यांचे तोंड बंद करता यावे, एवढा मार्ग उरला. झेनिथच्या रिमोटचा उगम येथे आहे.

पहिला प्रयत्न १९५० चा. त्याचे नाव लेझी बोन्स, म्हणजे आपल्या भाषेत ऐदी माणूस. हातातल्या बटणापासून संचापर्यंत जाड तार जायची, आणि संचातली मोटर वाहिनीचे बटण गरागरा फिरवायची. लोकांना सोय आवडली, पण दिवाणखान्यात आडवी पडलेली तार आवडली नाही. येता-जाता माणसे तिला अडखळत.

तार नको, असा कमांडरांचा हुकूम सुटला. युजीन पॉली नावाच्या तंत्रज्ञाने १९५५ मध्ये फ्लॅश-मॅटिक बनवला. दिसायला तो पिस्तुलासारखा. चाप ओढला की प्रकाशाचा झोत निघे. पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार डोळे बसवले होते. एका कोपऱ्यावर झोत टाकला की संच चालू किंवा बंद, दुसऱ्यावर आवाज बंद, उरलेल्या दोहोंवर वाहिनी मागे-पुढे. चित्र चालू ठेवून जाहिरातीचा आवाज तेवढा मारता येतो, हीच गोष्ट कंपनीने ठळकपणे सांगितली. सुमारे ३०,००० संच विकले गेले. मग तक्रारी येऊ लागल्या. कोणत्या कोपऱ्याचे काय काम हे लोक विसरत. आणि खिडकीतून ऊन आले की सूर्यनारायणच वाहिनी बदलत! आपल्या बेटावरच्या दुपारच्या उन्हात त्या संचाने काय धिंगाणा घातला असता, कल्पना करावी.

दुसरा मालक असता तर संच ऊन नसलेल्या भिंतीशी ठेवा, असा कागद पेटीत घालून गप्प बसला असता. कमांडरांनी बिनतारी ही कल्पना पसंत केली आणि साधन मात्र दुसरे शोधायला लावले. इंजिनिअर बैठकीला बसले. रेडिओलहरी वापराव्या तर त्या भिंतीतून पलीकडे जातात. शेजाऱ्याने बटण दाबावे आणि आपली वाहिनी बदलावी. कानाला ऐकू येणारा आवाज वापरावा तर घरात नवी कटकट. आणि विक्री विभागाची अट होती की रिमोटमध्ये बॅटरी नसावी. कारण ती संपली की गिऱ्हाइकाला वाटेल, महागाचा संचच बिघडला. ही अट मला या साऱ्या कथेत सर्वांत शहाणपणाची वाटते. रिमोट बंद पडला की माणूस रिमोटला दोष देत नाही, यंत्राला देतो, हे त्या लोकांनी ओळखले होते.

तोडगा डॉ. रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी काढला. ते मूळ व्हिएन्नाचे. तेथेच १९३७ मध्ये पदार्थविज्ञानाची डॉक्टरेट घेऊन, हिटलरच्या छळामुळे देश सोडून, १९४१ साली ते झेनिथमध्ये आले होते. त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या घेतल्या, प्रत्येक सुमारे अडीच इंच लांब. बटण दाबले की आतली लहानशी हातोडी सुटून कांडीच्या टोकावर टक्‌ करून आदळे आणि कांडी झणझणे. आपल्या भजनातले टाळ ज्यांनी वाजवले आहेत त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही: टाळ जितका लहान, तितका नाद बारीक. या कांड्या इतक्या आखूड की त्यांचा नाद सेकंदाला सुमारे ४०,००० कंपनांचा होता. माणसाचा कान फार तर २०,००० पर्यंत ऐकतो. म्हणून घरात कोणाला काही ऐकू येत नसे, पण संचाला ऐकू येई. चार कांड्या, प्रत्येकीची लांबी किंचित वेगळी, म्हणून चार वेगळे हुकूम. नाद भिंतीपलीकडे जात नाही, उन्हाची भीती नाही, आणि बॅटरी तर नाहीच. बोटाची ताकद हीच वीज.

१९५६ मध्ये स्पेस कमांड या नावाने तो बाजारात आला. तो नाद ऐकण्यासाठी संचात सहा जादा नळ्या बसवाव्या लागल्या आणि किंमत जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढली. एका चार बटणांच्या डबीसाठी एवढा खर्च! हिशेबनिसाने नक्की नाक मुरडले असते. तरी कमांडरांनी तो माल विकला. दोष त्यालाही होते. किल्ल्यांचा जुडगा किंवा खिशातली नाणी खुळखुळली तर कधीकधी वाहिनी बदले. पण हातात घेतल्यावर त्याचे वजन जाणवे, बटण खोल आणि निश्चित दबे, आणि टक्‌ असा आवाज आला की हुकूम गेला हे न बघता कळे. अमेरिकेत रिमोटला क्लिकर म्हणण्याची रीत या आवाजावरूनच पडली. बटणे चारच असल्यामुळे अंधारातही बोट चुकत नसे.

१५ मे १९५८ रोजी शिकागोत मॅकडोनल्ड यांचे निधन झाले. फोनव्हिजनला कायमची परवानगी मिळालेली त्यांना दिसली नाही. आपल्या मॉरिशसमध्ये दूरचित्रवाणी सुरू झाली ती १९६५ मध्ये, त्यांच्यानंतर सात वर्षांनी. शिकागोत त्यांच्या कंपनीचे एफ.एम. केंद्र होते, अभिजात संगीत ऐकवणारे. त्याचे नाव डब्ल्यू.ई.एफ.एम., त्यातली ई.एफ.एम. ही त्यांच्याच नावाची आद्याक्षरे. १ जून १९६१ रोजी अमेरिकेत एफ.एम.वरून स्टिरिओ प्रक्षेपण सुरू झाले. त्याची पद्धत झेनिथ आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मांडलेली होती, आणि पहिल्याच दिवशी स्टिरिओत गाऊ लागलेल्या केंद्रांत हे केंद्र होते. त्यांची मिझपा नौका १९६८ मध्ये फ्लोरिडातल्या पाम बीचच्या समुद्रात मुद्दाम बुडवली गेली. आता ती प्रवाळ आणि मासे यांचे घर आहे. झेनिथ कंपनी १९९९ मध्ये कोरियाच्या एलजीकडे पूर्णपणे गेली.

रिमोटचे पुढे काय झाले? १९६० नंतर ट्रान्झिस्टर आले, आणि कांड्यांच्या जागी तोच न ऐकू येणारा नाद विजेने निर्माण होऊ लागला. रिमोट स्वस्त झाला, आणि त्याच्यात बॅटरी शिरली. १९८० च्या सुमारास अवरक्त प्रकाश आला, म्हणजे पॉलींचा प्रकाशच, फक्त डोळ्यांना न दिसणारा. सूर्याने फसवू नये म्हणून तो बहुधा सेकंदाला ३६,००० ते ४०,००० वेळा लुकलुकवतात. अ‍ॅडलरांच्या कांड्यांचा आकडाही असाच होता, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये रिमोट दाबला की आवाजाचे बटण आपोआप हळूहळू वळताना दिसते. ते लेझी बोन्सच्या मोटरचे नातवंड.

म्हणजे विद्या सगळी आहे आणि पूर्वीपेक्षा स्वस्तही आहे. रिमोटमधला दिवा, रबराची बटणे, लहानशी चिप, यांचा खर्च मूळ यंत्राच्या किमतीत मोजण्याइतकाही नसतो. आवाज, मूक, चालू-बंद आणि कोणते यंत्र ऐकायचे, एवढ्या चार गोष्टींसाठी संगीत ऐकणारा माणूस रिमोट उचलतो. उरलेली तीस बटणे बहुतेकदा त्याच कारखान्याच्या दुसऱ्या यंत्रांसाठी असतात, जी आपल्या घरी नसतात. रबराखालचा काळा लेप झिजला की आधी आवाजाचेच बटण मरते, कारण तेच सर्वांत जास्त दाबले जाते. दुकानात अ‍ॅम्प्लिफायर ऐकायला जाल तेव्हा रिमोटही मागून घ्यावा, दिव्याखाली नव्हे, अंधारात धरून बघावा, आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या हाती देऊन बघावा. विक्रेता हसेल, हसू द्यावे.

अमेरिकेतल्या जुन्या घरांत, टेबलाच्या खणात, स्पेस कमांडच्या डब्या अजून सापडतात. त्यांचे संच कधीच भंगारात गेले. डबीचे बटण दाबले तर टक्‌ आवाज येतो आणि कांडी झणझणते.